मोटार नवी, आवाज जुनाच

दुरुस्तीचा कट्टा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही परळला चाळीत राहतो. दहा बाय सोळाची खोली, त्यात फ्रीज ठेवायला जागा एकच, सासऱ्यांच्या पलंगाच्या उशाशी. फ्रीज दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री, नऊ वर्षांचा. मार्चमध्ये वरच्या फ्रीजरमधून घरघर यायला लागली. मेकॅनिक आला, फॅन मोटार गेली म्हणाला, बदलून गेला. दोन महिने शांततेत गेले. जूनपासून पुन्हा सुरू. रात्री सगळीकडे सामसूम झाली की टर्रर्र चालू होतं, कधी अर्ध्या तासाने आपोआप थांबतं. सासरे उठून फ्रीजला थाप मारतात, की दोन मिनिटं गप्प. तोच मेकॅनिक आता म्हणतो की आधीची मोटार डुप्लिकेट निघाली, ओरिजिनल टाकू, साडेतीन हजार होतील. माझा मुलगा डिप्लोमाला आहे. तो म्हणतो, मोटार आणून दे, मीच बसवतो. बसवू द्यावी का? हल्ली खालच्या कप्प्यातलं दूध दोनदा नासलं आणि भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं, पण ते पावसाळ्यामुळे असेल.
– एक वाचक, परळ

उत्तर : ताई, सगळ्यात कामाच्या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्यात आणि वर त्या पावसाळ्याच्या माथी मारून मोकळ्या झालात. खालचं दूध नासतंय. ट्रेखाली पाणी साचतंय. हे वाचल्यावर माझं मत झालं की मार्चमध्ये बसवलेली मोटार बहुधा धडधाकट आहे, डुप्लिकेट असली तरी. तिच्या पात्याला बर्फ घासतोय.

मेकॅनिक खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. मीही हेच केलंय. दादरला माझं दुकान नवीन होतं तेव्हा गिरगावातल्या एका आजींच्या फ्रीजला मी चार महिन्यांत दोन मोटारी बसवल्या. तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा आजी म्हणाल्या, "अरे, तू मोटार बदलतोस की तिथला बर्फ काढून जातोस?" मी तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. कारण तसंच होतं. मोटार बदलायची तर पॅनल उघडायचं, पॅनल उघडायचं तर बर्फ वितळवायचा. बर्फ गेला की आवाज जाणारच, मोटार नवी घाला नाहीतर जुनीच पुसून परत लावा. तिसऱ्या फेरीचे पैसे मी घेतले नाहीत. दुसऱ्या मोटारीचेही परत करायला हवे होते, ते केले नाहीत, हेही सांगून टाकतो.

आता आत काय चालतं ते मुलाला दाखवा. दोन दारांच्या फ्रीजमध्ये थंडी एकाच जागी तयार होते, फ्रीजरच्या मागच्या प्लॅस्टिक पॅनलआड. तिथे अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची कॉइल असते. पंखा त्या कॉइलवरून हवा ओढतो, बरीचशी फ्रीजरमध्ये सोडतो आणि उरलेली एका बोळातून खालच्या कप्प्यात पाठवतो. एका नळावर दोन बिऱ्हाडं म्हणा ना. नळ वरच्या बिऱ्हाडात, त्यामुळे पाणी कमी झालं की पहिली बोंब खालच्याची. वर बर्फ झकास होत असेल आणि खाली दूध नासत असेल, तर याचा अर्थ थंडी तयार होते आहे, पण हवा खाली पोचत नाही. वाट कशाने तरी अडली आहे.

ती अडते बर्फाने. मुंबईतल्या जुलैची हवा तुम्हाला काय सांगायची? कपडे तीन दिवस वाळत नाहीत. दर वेळी दार उघडलं की ती ओली हवा आत शिरते आणि तिच्यातलं पाणी कॉइलवर दव होऊन गोठतं. म्हणून कॉइलखाली एक हीटर असतो. कॉम्प्रेसर साधारण ६ ते १२ तास चालून झाला की टायमर किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्याला थांबवतो आणि हीटर वीस-तीस मिनिटं लावतो. वितळलेलं पाणी खालच्या भोकातून नळीने मागे उतरतं, कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं आणि त्याच्याच उष्णतेने उडून जातं. हे सगळं इतकं गुपचूप चालतं की आपल्या फ्रीजमध्ये हीटर आहे हे कित्येकांना दहा वर्षं कळत नाही.

तुमच्या ट्रेखाली पाणी येतंय, म्हणजे हीटर निदान काही प्रमाणात तरी चालतोय. बर्फ वितळतोय, पण पाण्याला बाहेरची वाट मिळत नाही. माझा पैजेचा पैसा त्या भोकावर. भोक तुंबलं की थोडं पाणी खाली ओघळतं आणि बाकीचं तिथेच पुन्हा गोठतं. दर फेरीला लादी थोडी वर चढते, हवेची जागा अरुंद होते आणि शेवटी पंख्याच्या कड्याभोवती बर्फ धरतो. पातं त्याला घासतं. लहानपणी सायकलच्या चाकात पत्ता अडकवून फिरवायचो, हुबेहूब तो आवाज. सासऱ्यांनी थाप मारली की बर्फाचा कण हलतो किंवा तुटतो, म्हणून दोन मिनिटं गप्प. बुश, म्हणजे मोटारीची दांडी ज्यात फिरते ती कडी, झिजलेली मोटार वेगळी वाजते. ती सुरू होताना कुईं करून ओरडते, मग एकसारखी गुणगुणत राहते.

तरी खात्री करून घ्या. फ्रीज चालू असताना फ्रीजरचं दार उघडा. बहुतेक मॉडेलांत पंखा लगेच थांबतो. चौकटीत दाराचं बटण असेल तर ते बोटाने दाबून धरा, म्हणजे फ्रीजला वाटतं दार बंद आहे. बटण दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर थांबतो, तर तो पंख्याकडचाच आहे. काही फ्रीजमध्ये बटणाऐवजी दारात लोहचुंबक असतो, तिथे हा प्रयोग चालत नाही. बटण दाबूनही आवाज मागून, खालून येत असेल तर कॉम्प्रेसर किंवा भिंतीला टेकलेली नळी बघा आणि मोटारीचा विषय सोडून द्या.

मुलाला काम करू द्या. फक्त मोटार आधी आणू नका. आधी उघडा, मग ठरवा.

मुहूर्तही चांगला आहे. हा अंक हातात पडेल तेव्हा श्रावण लागलेला असेल. गटारीला जे संपायचं ते संपलेलं असतं आणि परळसारख्या वस्तीत निम्म्या घरांचे फ्रीजर महिनाभर रिकामे असतात. माझ्या धंद्यात फ्रीजर उघडण्याची कामं मी मुद्दाम श्रावणात घ्यायचो. एरवी गिऱ्हाईक दोन किलो सुरमई हातात घेऊन उभं राहतं आणि शेजारचं घर शाकाहारी असलं की ती ठेवायची कुठे, यावर चर्चा. गणपती आले की मग फ्रीजला हात लावायची सोय नसते. तेव्हा मधल्या एखाद्या रविवारी उरकून घ्या.

शनिवारी रात्री प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर हवा. दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल आणि पसरट परात. मागचा कॉम्प्रेसरवरचा ट्रे मध्ये एकदा रिकामा करा, नाहीतर एवढं पाणी त्यात मावत नाही आणि सकाळी खोलीभर तळं. घाई असेल तर समोर टेबलफॅन लावा. सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर यांनी बर्फ खरवडायचा नाही, हे मी मुलाला जरा दरडावून सांगतो. कॉइलचा अॅल्युमिनियम मऊ असतो, एक टोचा पडला की गॅस गेला. आणि नऊ वर्षांपूर्वीच्या फ्रीजमध्ये आर ६०० ए गॅस असू शकतो, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या सिलिंडरमधल्या ब्युटेनचा सख्खा भाऊ. तो पेट घेतो. कुठला गॅस आहे ते फ्रीजच्या लेबलवर छापलेलं असतं. केस वाळवायचं मशीन आत धरणं, मेणबत्ती लावून बघणं, असले प्रकार नकोत.

सकाळी पॅनल. स्क्रू दिसत नाहीत म्हणून ओढाओढ करू नका. ते लहान गोल-चौकोनी टोप्यांखाली लपलेले असतात, एखादा दिव्याच्या झाकणाआड. ते काढले की पॅनल सहसा खालच्या बाजूने सुटं होतं, पण झटका देऊ नका, मागे वायरचा कनेक्टर असतो. पॅनलवरचा बर्फ पूर्ण वितळलेला आणि पॅनल खोलीच्या तापमानाला आलेलं हवं. गार प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं आणि पॅनल मोटारीपेक्षा महाग पडतं. उघडल्या उघडल्या मोबाइलवर चार फोटो काढा, वायरींचे जवळून. कॉइलच्या कडा ब्लेडसारख्या असतात. हातमोजे घाला, मी कधी घातले नाहीत आणि माझ्या बोटांवर त्याच्या खुणा आहेत.

खरं तर पूर्ण वितळायच्या आधी एकदा डोकावता आलं तर सोनं. पॅनल थोडं सैल होताच टॉर्च मारून बर्फ कसा आहे ते बघा. त्यावरच पुढचं सगळं ठरतं. वर कॉइल बऱ्यापैकी स्वच्छ आणि तळाशी काचेसारखी लादी : पाणी वितळून पुन्हा गोठलंय, भोक तुंबलंय. सगळी कॉइल पांढऱ्या भुसभुशीत बर्फाने भरलेली, खोबऱ्याच्या किसासारखी : डीफ्रॉस्टच, म्हणजे हीटरने बर्फ वितळवणंच, होत नाही. हीटर, बायमेटल (गार-गरम झालं की हीटरची वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) किंवा टायमर यांपैकी कोणीतरी बसलंय. कॉइलच्या एका टोकालाच थोडा बर्फ आणि बाकी कोरडी : गॅस कमी आहे, पॅनल लावा आणि मेकॅनिकला बोलवा, ते घरी करायचं काम नाही.

भोक असेल तर सोपं आहे. सुईशिवायच्या मोठ्या सिरिंजने कोमट पाणी मारा. शेवाळासारखा काळा गाळ निघेल, कधी मटारचं साल, एकदा मला एका ठिकाणी अख्खी लवंग मिळाली. कडक तार घालू नका, नळी फाटते. शेवटी अर्धा कप पाणी ओता आणि कान मागे लावा. ट्रेमध्ये टपटप ऐकू आली की झालं.

डीफ्रॉस्टचा दोष असेल तर मल्टिमीटर लागतो. ही तपासणी प्लग काढूनच, तिथे हीटरच्या वायरीत २३० व्होल्ट असतात आणि आसपास सगळं ओलं. हीटरवर बहुधा वॅट लिहिलेले असतात. डिप्लोमावाल्याला हिशेब येत असेलच : १५० वॅटचा हीटर असेल तर २३० चा वर्ग भागिले १५०, साधारण ३५० ओहम दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही तर हीटर तुटलाय. थर्मल फ्यूज नेहमी जोडलेला दिसला पाहिजे. बायमेटल मात्र भल्याभल्यांना फसवतो. तो थंडीत जोडतो आणि गरम झाला की तोडतो. खोलीत तपासला तर तो तुटलेलाच दिसणार, आणि लोक चांगला बायमेटल फेकून देतात. त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि कुल्फीवाला करतो तसा बर्फात भरपूर मीठ घालून त्यात पंधरा मिनिटं पुरून ठेवा. टिक् आवाज येऊन जोडला गेला तर तो निर्दोष. गिरगावातल्या आजींचा बायमेटल दोन तास पुरूनही जोडला नाही. दोषी तोच होता.

दोष सापडला तरी सुटा भाग बदलण्याचं काम, म्हणजे २३० व्होल्टच्या वायरी कापणं-जोडणं, जाणत्या माणसाकडून करवून घ्या. पण आता तुम्ही त्याला "मोटार बघा" म्हणणार नाही, "बायमेटल बदला" म्हणाल. त्याचं बिल वेगळं होतं.

आणि मोटार? उघडलंच आहे तर बघून घ्या. पातं बोटाने फिरवा. हलकं फिरून थोडं पुढे जाऊन थांबलं तर छान. मग दांडी धरून आडवी हलवा. खुळखुळली तर बुश झिजलाय आणि मोटार बदलायलाच हवी. नुसते ओहम मोजून आवाजाचा दोष कळत नाही, मोटारीतली तारेची गुंडाळी चांगली असते आणि बुश गेलेला असतो. पातं चिरलंय का, एखादं टोक तुटलंय का तेही बघा. तोल गेलेलं पातं नव्या मोटारीवरही थरथरतं.

बदलायची वेळ आली तर जुनी मोटार दुकानात घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगून आणू नका. जुन्या फ्रीजमध्ये २३० व्होल्टची, दोन वायरींची एसी मोटार असते. नव्यांत बहुतेक १२ व्होल्टची डीसी, तीन किंवा चार वायरींची, कारण एका वायरीने ती बोर्डाला आपला वेग कळवते. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. डीसीमध्ये नुसते व्होल्ट जुळूनही भागत नाही, कनेक्टर आणि वायरींचा क्रमही तोच हवा. एसी मोटार बहुतेक वेळा काहीशे रुपयांत मिळते, डीसी महाग. लॅमिंग्टन रोडला कनेक्टर, स्लीव्ह, मल्टिमीटर सगळं मिळेल. मोटारीसाठी मात्र फ्रीजच्या सुट्या भागांचं दुकान गाठा. एसी मोटार घेताना दांडीची जाडी, लांबी आणि फिरण्याची दिशा जुळवा. दिशा उलटी निघाली तर ती घरी सहज बदलता येत नाही.

पातं काढण्याआधी ते दांडीवर किती आत आहे ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. दोन मिलिमीटर जास्त आत गेलं तर ते मागे घासतं, आणि पुन्हा तीच रात्र. मोटारीखालचे रबराचे बूच परत लावा. घाईत लोक ते टाकून देतात, मग चांगली मोटारसुद्धा पॅनलला ढोलकी करून टाकते. तुमच्या मार्चच्या मेकॅनिकने लावलेत का, तेही बघा. वायर कापून जोडायची वेळ आलीच तर ते काम जाणत्याकडूनच, आणि त्यालाही नुसती पिळून काळी टेप गुंडाळू देऊ नका. थंडीत टेपचा गोंद सुटतो, दव आत शिरतं आणि आपल्या खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही. चांगली घट्ट जोडणी, त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह, आणि जोडाचं तोंड खाली, म्हणजे पाणी त्यात उतरत नाही.

पॅनल लावताना कडेच्या फोमच्या पट्ट्या जागेवर आहेत ना, ते चाचपा. त्या नसतील तर हवा भलत्या वाटेने फिरते आणि महिन्याभरात पॅनलवरच बर्फ चढतो. चालू केल्यावर पंखा लगेच फिरला नाही म्हणून पुन्हा उघडू नका. काही मॉडेलांत कॉइल गार झाल्याशिवाय तो सुरूच होत नाही. पहिली रात्र आत फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवा. दूध दुसऱ्या दिवशी.

एक राहिलं. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर रबर साबणाच्या पाण्याने धुवा, तरीही निघत असेल तर बदला. नाहीतर ही ओली हवा रात्रंदिवस आत जात राहील आणि पुढच्या जूनमध्ये सासरे पुन्हा थाप मारत बसतील.

प्रश्न : आमच्याकडे एका दाराचा १८० लिटरचा फ्रीज आहे. तोही रात्री गुरगुरतो. मेकॅनिकने फ्रीजरची फॅन मोटार बदलावी लागेल असं सांगितलं. किती खर्च यावा?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : शून्य. एका दाराचा साधा फ्रीज, ज्यात बटण दाबून बर्फ वितळवावा लागतो, त्यात पंखाच नसतो. थंडी कप्प्यातून आपली आपण खाली उतरते. त्या मेकॅनिकला नम्रपणे म्हणा, "मोटार कुठे आहे ते दाखवा, मी फोटो काढतो." आवाजासाठी फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, चारही पाय जमिनीला टेकतात का बघा, वरची बरणी आणि देव्हारा उतरवून ऐका. दहातल्या सहा वेळा माझं काम इथेच संपायचं आणि मी चहा पिऊन निघायचो.

प्रश्न : आमच्या फ्रीजरच्या पंख्याची मोटार मीच बदलली. आवाज पूर्ण गेला, पण आता फ्रीज गारच होत नाही. बर्फसुद्धा धड धरत नाही. नवी मोटार कमजोर असेल का?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : पातं उलटं बसलंय. नव्वद टक्के तेच. पात्याला पुढची आणि मागची बाजू असते. उलटं घातलं तरी ते दांडीवर बसतं, फिरतंही, फक्त हवा नीट ढकलत नाही. जुन्या मोटारीचा फोटो असेल तर ताडून बघा. पातं बरोबर असेल तर मोटारीची दिशा तपासा. जुनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणारी आणि नवी उलट, असं सर्रास होतं. दुकानदार म्हणतो, "चालेल साहेब." चालते, पण हवा उलटी जाते. दोन्ही ठीक निघालं तर पॅनलमागचा हवेचा बोळ तुम्ही फोमने बुजवलाय का बघा. मी एकदा बुजवला होता.

प्रश्न : मोटार बदलण्यापेक्षा तीत तेल घातलं तर? आई म्हणते, खोबरेल तेलाचा एक थेंब टाक, सगळं सुरळीत होतं. शिलाई मशीनचं तेलही घरात आहे.
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : आईंचा खोबरेलवरचा विश्वास मी समजू शकतो, आमच्याकडेही कडीकोयंड्यापासून गुडघ्यापर्यंत तेच लावायचे. पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरात बाटली उन्हात ठेवायला लागते ती उगाच नाही. उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये त्याचं मेण होईल आणि आवाज करणारी का होईना, पण फिरणारी मोटार जाम होईल. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं. बुशमध्ये एखादा थेंब सोडला तर आवाज कमी होतो, काही आठवडे. झिजलेला बुश तेलाने भरून येत नाही. गणपतीत पाहुणे आहेत आणि दुकानदार म्हणतोय मोटार पुढच्या आठवड्यात येईल, तर खुशाल टाका. दसऱ्याला पुन्हा पॅनल काढायची तयारी ठेवा.